मावळातील कष्टकरी माता आणि पाळणाघराचा कायदा : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

खंडाळ्याच्या घाटातून लोहमार्ग काढण्याचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ च्या एप्रिल महिन्यात तो मार्ग खुला झाला. १८६१ च्या आरंभी या एका चढणीवर बेचाळीस हजारांहून अधिक मजूर खपत होते. घाटातील बोगदे, दऱ्यांवरील पूल, पटकीच्या साथी, कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल यांचा १८५९ मधील मृत्यू आणि त्यानंतर त्यांची पत्नी अ‍ॅलिस यांनी पत्करलेली कामाची जबाबदारी यांविषयी रेल्वेच्या इतिहासात पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मजुरांत स्त्रियाही होत्या. सुरुंगाने फोडलेला दगड आणि खणलेली माती पाट्यांतून वाहून नेण्याचे काम त्यांच्याकडे असे. त्यांची मुले दिवसभर कोठे असत, कोणाच्या नजरेखाली असत, हा प्रश्न अभियंत्यांच्या लेखनात येत नाही. तो प्रश्न शासनाच्याही लेखी अद्याप निर्माण झालेला नव्हता.

पुढील शंभर-दीडशे वर्षांत तो निर्माण झाला, त्यावर कायदे झाले, योजना आखल्या गेल्या, निधी ठेवला गेला. कामकरी स्त्रीच्या मुलाची सोय ही केवळ त्या कुटुंबाची खाजगी बाब नाही, हे तत्त्व मुंबई प्रांतात आणि नंतर महाराष्ट्रात बरेच लवकर मान्य झाले. तरीही मावळ तालुक्यातील भातखाचरांत, वीटभट्ट्यांवर, बंगल्यांत आणि फुलांच्या हरितगृहांत राबणाऱ्या स्त्रीपर्यंत ती सोय क्वचितच पोहोचली. याचे कारण अंमलबजावणीतील ढिलाई एवढेच सांगितले जाते. कायद्यांचा क्रम पाहिला असता कारण अधिक खोल असल्याचे दिसते. शासनाने मुलाची सोय करताना आधी आईची जागा आणि आयांची संख्या मोजली. मावळातील स्त्रिया ज्या ठिकाणी काम करीत होत्या, ती ठिकाणे या मोजणीत बसत नव्हती. या मोजणीचा इतिहास तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लोणावळ्याचे पाणी आणि मुंबईच्या गिरण्या

८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्यात टाटा जलविद्युत योजनेची कोनशिला मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते बसविण्यात आली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे पाणी अडवून ते खोपोलीच्या वीजगृहात सोडण्यात आले आणि १९१५ च्या फेब्रुवारीत वीज मुंबईकडे वाहू लागली. तिचे मुख्य ग्राहक होते मुंबईचे कापड गिरणीमालक.

या घटनेला पाळणाघराच्या इतिहासात एक वेगळे महत्त्व आहे. १८८१ पासूनचे कारखानेविषयक कायदे हे यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि ठरावीक संख्येहून अधिक माणसे कामाला असणाऱ्या जागांसाठी होते. अर्थात लोणावळ्याच्या पाण्याने ज्या गिरण्या फिरल्या त्या कायद्याच्या कक्षेत आल्या. ते पाणी ज्यांनी माती वाहून अडवले, त्या धरणावरच्या मजूर स्त्रिया त्या कक्षेबाहेर राहिल्या. धरणाचे काम कितीही मोठे असले, तरी तो कारखाना नव्हता. मुलाच्या सोयीचा प्रश्न प्रथम गिरणीत विचारला गेला, आणि त्याचे उत्तरही गिरणीच्याच मापाचे निघाले.

बाळगोळी, भत्ता आणि खोली

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत मुंबईच्या गिरणी कामगारांत सुमारे एकपंचमांश स्त्रिया होत्या. रिळांच्या आणि सुताच्या खात्यांत त्यांची संख्या मोठी असे. त्यांच्यापैकी अनेकजणी घाटमाथ्यावरून आणि कोकणातून आलेल्या. गावाकडे आजी किंवा जाऊ मूल सांभाळी. चाळीच्या खोलीत ती व्यवस्था नव्हती. तिची जागा बाळगोळीने घेतली. अफू घातलेली ही गोळी चाळींच्या आसपास सहज मिळे. सकाळी ती चाटवली की मूल गुंगीत पडून राही आणि आईची पाळी निभावे. १९२१ मध्ये मुंबई सरकारने गिरणीतील स्त्रियांच्या प्रसूतीविषयी पाहणी करण्यासाठी डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांची नेमणूक केली. गिरणी कामगार स्त्रियांच्या तान्ह्या मुलांना अफू देण्याची चाल किती सार्वत्रिक आहे, हे त्यांच्या अहवालाने प्रथम सरकारी दप्तरात नोंदवले. या चालीचा दोष मातेच्या अज्ञानावर टाकणारे लेखन त्या काळी विपुल झाले. परंतु दहा तास घराबाहेर राहणे ज्या स्त्रीला भाग आहे, तिच्यापुढे दुसरा कोणता मार्ग खुला होता, हे त्या लेखकांनी सहसा सांगितलेले नाही.

१९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती भत्त्याचे विधेयक चर्चेस आले. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या विधेयकाला पाठिंबा देताना जो युक्तिवाद केला, तो आजही मननीय आहे. मातेला प्रसूतीपूर्वी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून या खर्चाचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे, हे त्यांनी मान्य केले. त्याचबरोबर मालकालाही त्यातून मोकळे सोडता येणार नाही, कारण स्त्रियांना कामावर ठेवण्यात त्याचा फायदा असतो म्हणूनच तो त्यांना ठेवतो, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ चा मुंबईचा प्रसूती लाभ कायदा हा या प्रकारचा भारतातील पहिला कायदा ठरला. त्यात भत्त्याचा भार मालकावरच ठेवण्यात आला. राष्ट्रहिताचा जो पहिला मुद्दा, तो कायद्यात उतरला नाही. पुढच्या जवळपास सर्व पाळणाघर कायद्यांची ठेवण या एका निवडीने ठरून गेली.

जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील राजकीय श्रम आयोगाने १९३१ मध्ये अहवाल सादर केला. ना. म. जोशी या आयोगाचे सदस्य होते. २५० किंवा अधिक स्त्रिया कामाला असणाऱ्या कारखान्यांत पाळणाघर बंधनकारक करावे, अशी शिफारस त्यात होती. १९३४ च्या कारखाना कायद्याने ही मर्यादा बरीच खाली आणली. पन्नासहून अधिक स्त्रिया जेथे नेहमी कामाला असतात, तेथे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी योग्य खोली राखून ठेवावी, असा नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४८ व्या कलमाने हा अधिकार कर्तव्यात बदलला. खोली पुरेशी, उजेडाची, हवेशीर आणि स्वच्छ असावी, ती बालसंगोपनाचे शिक्षण घेतलेल्या स्त्रीच्या देखरेखीखाली असावी, असे कलमातच लिहिले गेले. नियमांनी आणखी तपशील भरला. पाळणाघर कर्कश आवाज, धूर आणि धूळ यांच्यापासून शक्य तितके दूर, पण आईला सहज जाता येईल असे हवे. प्रत्येक मुलाला रोज किमान पाव लिटर शुद्ध दूध हवे. स्तनपानासाठी आईला कामाच्या वेळेत किमान पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन सुट्या हव्यात.

पाळणाघराच्या गुणवत्तेची चर्चा अलीकडे जणू नवी असल्यासारखी केली जाते. जागा, प्रशिक्षित माणूस, आहार, स्तनपान आणि आईच्या कामाशी जुळणारी वेळ या पाचही बाबी स्वातंत्र्याच्या पहिल्या दशकात नियमबद्ध झाल्या होत्या, याचे विस्मरण होऊ नये. खर्चाचा प्रश्नही सुटलेला होता. या सोयीसाठी कामगार स्त्रीला काही द्यावे लागत नव्हते. स्वस्त आणि चांगले अशा दोन्ही कसोट्यांना उतरणारे पाळणाघर कागदावर तरी तयार होते.

अडचण मोजणीत होती. पन्नासची मर्यादा ओलांडली की खोली, दाई, दूध यांचा खर्च मालकावर येई, आणि न ओलांडली तर काहीच येत नसे. १९७६ च्या दुरुस्तीने पन्नासचा आकडा तीसवर आला. दरम्यान मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण सातत्याने घटत गेले होते आणि सत्तरीच्या दशकापर्यंत ते नगण्य झाले होते. रात्रपाळीवरील बंदी, यंत्रांचे आधुनिकीकरण आणि स्त्रियांकडची खाती बंद होणे ही या घसरणीची मोठी कारणे होत. परंतु केवळ स्त्रियांच्या संख्येवर बसवलेला खर्च मालकाला स्त्रिया कमी ठेवण्याचे आणखी एक निमित्त देतो, हे नाकारता येत नाही. आंबेडकरांनी सरकारच्या वाट्याचा जो आग्रह धरला होता, तो सोडून दिल्याची ही किंमत होती.

घाटातील दुसरा महामार्ग

मावळ तालुक्याचे आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ हे तीन भाग मुख्यतः भाताचे. पावसाळ्यातील लावणीच्या दिवसांत घरातील प्रत्येक हात खाचरात लागतो. तान्हे मूल बांधावर इरल्याखाली किंवा झाडाला बांधलेल्या झोळीत, आणि त्याच्या राखणीला सात-आठ वर्षांची थोरली बहीण, ही मांडणी या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मावळातील शाळांत मुलींची गळती हा विषय या झोळीपासून वेगळा करता येत नाही. शेतीला कारखाना कायदा कधीच लागू नव्हता, त्यामुळे येथे आकडा मोजण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

तो उद्भवला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस. १९९८ ते २००२ या काळात महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग बांधला. त्याचा मोठा टप्पा मावळातून जातो. खंडाळ्याचा घाट आणि कामशेतचे बोगदे याच टप्प्यात येतात. रेल्वेनंतर सुमारे एकशे चाळीस वर्षांनी त्याच डोंगरावर पुन्हा मोठी मजूरवस्ती आली. या वेळी कायदा अस्तित्वात होता. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्याच्या ३५ व्या कलमानुसार पन्नासहून अधिक स्त्री कामगार असलेल्या प्रत्येक बांधकामावर सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली देणे बंधनकारक होते. बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवून त्यातून कल्याणनिधी उभा करण्याची तरतूदही सोबतच झाली होती. येथे प्रथमच मालकाच्या खिशाबाहेर, सामाईक निधीतून मदतीचा मार्ग खुला झाला, हे लक्षात घेतले पाहिजे.

परंतु या कायद्याखालील महाराष्ट्राचे नियम २००७ मध्ये तयार झाले आणि कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये स्थापन झाले. द्रुतगती मार्ग त्याआधी नऊ वर्षे वाहता झाला होता. कामगारांची नोंदणी करणारे मंडळ नाही, उपकराचा निधी नाही, अशा स्थितीत ३५ वे कलम केवळ पुस्तकात राहते. खेरीज मोठे काम अनेक कंत्राटदारांत आणि त्यांच्या हाताखालच्या ठेकेदारांत वाटलेले असले, म्हणजे कोणाच्या हजेरीपटावर किती स्त्रिया हे ठरवणेच कठीण होते. नवरा-बायकोच्या जोडीची मजुरी एकाच नावावर लिहिण्याची रीत बांधकामांवर आणि वीटभट्ट्यांवर सर्रास आहे. तेथे तर स्त्री मोजलीच जात नाही. पुढे निधी जमला, पण तो खर्च होत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१८ रोजी राज्यांवर कठोर ताशेरे ओढले. २०१९ मध्ये खोपोली ते कुसगाव या जोडमार्गाचे काम सुरू झाले, तेव्हा मंडळ, निधी आणि नियम तिन्ही हाताशी होते. पन्नासचा आकडा मात्र तसाच होता.

बांधकामावरील मुलांसाठी महत्त्वाचा प्रयोग शासनाबाहेर झाला, त्याची नोंद घेणे आवश्यक आहे. दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने राजघाट परिसरात चाललेल्या बांधकामावर १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर सुरू केले. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. १९७२ मध्ये ती मुंबईत आली आणि पुढे पुण्यातही काम पसरले. बांधकाम हलले की पाळणाघर हलवायचे, हा तिचा साधा नियम. कायद्याने खोली धरून ठेवली होती. या संस्थेने मुलाला धरले.

तीसहून अधिक स्त्रिया की पाच मुले

मोजणीचे एकक बदलता येते, याची उदाहरणे कायद्यांतच सापडतात. मळ्यांवरील कामगारांसाठीच्या १९५१ च्या कायद्यात १९८१ च्या दुरुस्तीने पन्नास स्त्रिया किंवा वीस मुले असा पर्याय आला. यापुढचे पाऊल रोजगार हमीच्या कायद्यांनी टाकले. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आकाराला आली, वि. स. पागे हे तिचे शिल्पकार मानले जातात. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. खडी फोडणे, बांध घालणे, नाले खोदणे या कामांवर स्त्रिया फार मोठ्या संख्येने आल्या आणि कामाच्या जागी मुलांसाठी सावली व सांभाळ यांची सोय करणे हा योजनेचाच भाग मानला गेला. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने हेच तत्त्व अधिक नेमके केले. कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आली, तर त्या स्त्रियांपैकी एकीला मुले सांभाळण्याचे काम द्यावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी, असे त्याच्या अनुसूचीत म्हटले होते.

यातील दोन गोष्टी क्रांतिकारक होत्या. आयांऐवजी मुले मोजली गेली. आणि मूल सांभाळणे हे खडी फोडण्याइतकेच मजुरीयोग्य काम आहे, असे कायद्याने मानले. तिची मजुरीही शासनाच्या तिजोरीतून येणार होती. पाच हा आकडा एखाद्या वाडीवरही भरतो. प्रत्यक्षात या कलमाचा वापर फारच थोडा झाला, कारण पाळणाघरासाठी नेमलेली स्त्री ‘काम न करता मजुरी घेते’ असा समज गावोगावी घट्ट होता. ज्या समाजात संगोपनाला काम म्हणण्याची सवय नाही, तेथे मोजमाप घेणाऱ्याच्या वहीत ते कोणत्या रकान्यात लिहायचे हा प्रश्न पडतोच.

अंगणातील शाळा

दुसरी वाट बालशिक्षणाकडून आली, आणि तिचा उगम महाराष्ट्रात आहे. १९२६ मध्ये गिजुभाई बधेका यांच्यासह नूतन बालशिक्षण संघ स्थापन करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, कारण मोठ्यांना गुरे राखायची असतात आणि मुलींना धाकटी भावंडे सांभाळायची असतात, हे त्यांनी पाहिले. शाळेने मुलांच्या अंगणात जावे, ही अंगणवाडीची कल्पना यातूनच पुढे आली. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. धाकटे पाळणाघरात ठेवले की मधले बालवाडीत आणि थोरली शाळेत, आणि आई निश्चिंतपणे कामावर, अशी ही जोडणी होती. मावळातील बांधावरच्या झोळीला याहून नेमके उत्तर कोणी दिलेले नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्रात धारावी आणि अमरावती जिल्ह्यातील धारणी येथे तिचा आरंभ झाला. योजनेने कोसबाडचा ‘अंगणवाडी’ हा शब्द उचलला, बालवाडी उचलली, आहार आणि लसीकरण जोडले. पाळणाघर मात्र मागे राहिले. तीन ते सहा वयाची मुले दिवसातून काही तास येतील आणि तीन वर्षांखालील मुलांसाठी घरी आहार दिला जाईल, अशी रचना झाली. ही रचना घरी कोणीतरी आहे, असे गृहीत धरते. सकाळी सातला घर सोडून संध्याकाळी परतणाऱ्या स्त्रीला दुपारी बंद होणाऱ्या अंगणवाडीचा उपयोग मर्यादित, आणि तिचे मूल वर्षाचे असेल तर जवळजवळ नाहीच.

१३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाड्यांचे सार्वत्रिकीकरण करण्याचा आदेश दिला. त्यानंतर अंगणवाड्यांची मंजूर संख्या १४ लाखांवर गेली आणि लहान वस्त्यांसाठी मिनी अंगणवाडीचे निकष ठरले. आंदर मावळातील ठाकर आणि कातकरी वाड्यांच्या दृष्टीने हे निकष मोलाचे होते. २०१२ च्या पुनर्रचनेत पाच टक्के अंगणवाड्यांना पाळणाघर जोडण्याचे ठरले. म्हणजे देशभरात सुमारे सत्तर हजार. दहा वर्षांनंतर ‘पाळणा’ योजनेत हेच उद्दिष्ट १७ हजारांचे झाले. सत्तर हजारांचे सतरा हजार होण्यामागे कोणताही मोठा वाद झाल्याचे दिसत नाही. तो आकडा शांतपणे बदलला.

ज्या स्त्रियांवर हा सारा डोलारा उभा आहे, त्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना वेतन नव्हे, मानधन मिळते. त्याही कष्टकरी माताच आहेत. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्यांना उपदान कायदा लागू होतो, असा निर्णय दिला. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचारी मानधनवाढ, उपदान आणि निवृत्तिवेतनासाठी संपावर गेल्या. तो संप सुमारे सात आठवडे चालला.

योजनांचे आकसणे

कारखाना आणि अंगणवाडी यांच्यामधली जागा भरण्यासाठी केंद्राने तिसरा मार्ग काढला होता. १९७४ मध्ये राष्ट्रीय बालक धोरण जाहीर झाले आणि त्यापाठोपाठ कामकरी व आजारी मातांच्या मुलांसाठी स्वयंसेवी संस्थांमार्फत पाळणाघरे चालवण्याची योजना आली. इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८८ च्या ‘श्रमशक्ती’ अहवालात असंघटित क्षेत्रातील स्त्रियांची स्थिती देशापुढे मांडली. १९९४ मध्ये राष्ट्रीय पाळणाघर निधी उभारला गेला, आणि १ जानेवारी २००६ पासून दोन्ही योजना एकत्र करून राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना सुरू झाली. पंचवीस मुलांमागे एक केंद्र. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाकडून महिन्याला २० रुपये व इतरांकडून ६० रुपये शुल्क. शुल्क खरोखरच परवडणारे होते. पण ते परवडले कोणाच्या जिवावर, हेही पाहिले पाहिजे. केंद्रातील दोन सेविकांना मिळून महिन्याला २००० रुपये मानधन होते. त्या रकमेत प्रशिक्षित, टिकून राहणारी बाई मिळणे अशक्य, आणि संगोपनाची प्रत शेवटी तिच्यावरच अवलंबून. १९४८ च्या कायद्याने जी अट प्रथम घातली होती, ती येथे सर्वांत आधी सुटली.

१ जानेवारी २०१७ पासून या योजनेचा खर्च केंद्र, राज्य आणि संस्था यांच्यात ६०:३०:१० असा वाटण्यात आला. त्या दशकाच्या मध्यास देशात वीस हजारांहून अधिक पाळणाघरे या योजनेतून चालत होती. २०२० च्या सुमारास ती साडेसहा हजारांच्या आसपास उरली. संस्थांना दहा टक्के उभे करणे जड गेले आणि राज्यांचा वाटा वेळेवर येईना. कोरोनाच्या काळात उरलेली केंद्रेही बंद राहिली. २०२२ मध्ये योजना ‘मिशन शक्ती’त ‘पाळणा’ या नावाने समाविष्ट झाली.

मावळातील मोजणी

एकविसाव्या शतकात मावळातील स्त्रियांच्या कामाचे स्वरूप पालटले. तळेगाव परिसरात औद्योगिक विकास महामंडळाचे पुष्पोद्यान उभे राहिले आणि तालुक्यात गुलाबाची हरितगृहे पसरली. फेब्रुवारीच्या मध्यास युरोपात आणि देशांतर्गत बाजारात जाणारे गुलाब खुडणे, प्रतवारी करणे आणि बांधणे यांत स्त्रियांचा मोठा भरणा असतो. जानेवारीच्या अखेरीस कामाचे तास वाढतात, ते नेमके अंगणवाडीच्या वेळेबाहेर. लोणावळा-खंडाळ्यात बंगले, विश्रामगृहे आणि हॉटेले वाढली. शनिवार-रविवार हे तेथील मुख्य कामाचे दिवस, आणि रविवारी अंगणवाडी बंद. घरकामगारांसाठी महाराष्ट्राने २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला, परंतु एका बंगल्यात एकच बाई काम करते. तिला कोणत्या पन्नासात धरायचे?

२०१७ मध्ये दोन कायदे झाले. प्रसूती लाभ कायद्याच्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची केली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे केले. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा दिली. येथे केवळ स्त्रिया न मोजता सर्व कर्मचारी मोजले गेले, आणि त्यामुळे स्त्रियांना कमी ठेवण्याचे जुने निमित्त बरेच ढिले पडले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी हीच दिशा पुढे नेली. १९२८ च्या चर्चेत जो दोष दिसत होता, तो दूर व्हायला जवळजवळ शतक लागले, आणि तोही अर्धाच. भार अजून मालकाचा आहे.

त्याच वर्षी महाराष्ट्राने दुकाने व आस्थापनांसाठी नवा कायदा केला. पन्नास किंवा अधिक कामगार असणाऱ्या आस्थापनेने पाळणाघर चालवावे, आणि अशा अनेक आस्थापनांनी मिळून एक किलोमीटरच्या परिघात सामाईक पाळणाघर काढले तरी चालेल, अशी सवलत त्यात आहे. ही तरतूद वाचताना लोणावळ्याची बाजारपेठ डोळ्यांपुढे येते. चिक्कीची दुकाने आणि त्यामागचे कारखाने, खानावळी, लॉज, स्थानकाजवळची हॉटेले ही सारी एवढ्याच परिघात दाटीने बसली आहेत, आणि त्यांतील स्त्रियांची मुले एकत्र केली तर अनेक पाळणाघरे भरतील. परंतु सामाईक पाळणाघराची मुभा आधी पन्नासचे बंधन असलेल्यांसाठी आहे. दहा-पंधरा माणसांच्या दुकानाला ते बंधन नाही, म्हणून शेजारच्या वीस दुकानांशी मिळून एक खोली, एक शिकलेली बाई आणि पाव लिटर दूध यांची व्यवस्था करण्यास कायदा त्याला सांगत नाही, आणि त्यासाठी अनुदानही देत नाही.